मदत हवी आहे: डब्ल्यू२५क्यू६४ फ्लॅशवर पहिलं राइट होतं, पुढचं होतच नाही

तापमापक_३३:
बोर्ड ब्लू पिल (एसटीएम३२एफ१०३), फ्लॅश (वीज गेली तरी डेटा राखणारी मेमरी) विनबाँड डब्ल्यू२५क्यू६४जेव्ही, एसपीआय (चिपशी बोलायची सिरियल जोडणी) मोड ०, क्लॉक १८ मेगाहर्ट्झ. हॅल (तयार लायब्ररी) नाही, थेट रजिस्टर. डब्ल्यूपी (लिहिण्यावर बंदी) आणि होल्ड (मध्येच थांबवणं) दोन्ही पिना ३.३ व्होल्टला ओढल्या आहेत. ९एफ (चिपची ओळख विचारणाऱ्या) कमांडला ईएफ ४० १७ असं बरोबर उत्तर येतं (कमांड आणि बाइटच्या किमती हेक्समध्ये).

इनिटमध्ये ०६ (राइट इनेबल) पाठवतो. मग ०२ (पेज प्रोग्रॅम, म्हणजे राइट), तीन बाइट पत्ता (००००००) आणि ३०० बाइट डेटा. वाचल्यावर हे दिसतं:
१) पहिले ४४ बाइट भलतेच, ४४ ते २५५ बरोबर, २५६ पासून पुढे सगळं एफएफ (म्हणजे कोरं).
२) पत्ता ५१२ वर दुसरं राइट केलं तर काहीच उमटत नाही.
३) रीसेट करून पत्ता ० वर नवीन डेटा लिहिला तर खिचडी. ए५ होतं तिथे ३सी लिहिलं, वाचताना २४ आलं.
४) आधी २० (सेक्टर इरेज, ४०९६ बाइट पुसणं) दिली तर सगळं एफएफ होतं, पण मग राइट होत नाही.

चिप डुप्लिकेट असेल का?

डागकाम:
चिप चांगली आहे. चारही लक्षणं नियमातच बसतात.

पहिलं: पेज (एका ०२ मध्ये लिहिता येणारा भाग) २५६ बाइटचं. २५७वा बाइट पुढच्या पेजवर जात नाही, त्याच पेजच्या सुरुवातीला वळतो आणि आधी पाठवलेल्यावर बसतो. तुमचे शेवटचे ४४ बाइट पहिल्या ४४ च्या जागी सापडतील, ताडून बघा. तुकडे पाडताना पहिला तुकडा सरसकट २५६ चा नको. २५६ वजा (पत्ता भागिले २५६ ची बाकी) एवढा घ्या. पत्ता २०० असेल तर आधी ५६ बाइट, मग २४४.

दुसरं आणि चौथं एकच. ०६ मुळे वेल बिट (लिहायची परवानगी दाखवणारा) चढतो, पण प्रोग्रॅम किंवा इरेज पुरं झालं की चिप तो स्वतःच उतरवते. इनिटमधली एक ०६ एकाच कामाला पुरते. इरेजनं ती खाल्ली की राइटसाठी उरत नाही. प्रत्येक ०२ आणि प्रत्येक २० च्या आधी ०६ द्या, तीही स्वतंत्र: सीएस (चिप निवडणारी पिन) खाली, ०६, सीएस वर. सीएस वर गेल्यावरच वेल चढतो. ०६ ला चिकटून ०२ त्याच सीएसमध्ये पाठवली तर राइट होणार नाही.

तिसरं: प्रोग्रॅम फक्त १ चा ० करू शकतो, ० चा १ करायला इरेजच लागतं. ए५ आणि ३सी यांचा अँड घ्या, २४ येतो.

तापमापक_३३:
तुकडे जमले. ०६ साठी वेगळं फंक्शन केलं, दोन्हींच्या आधी बोलावतो. इरेजनंतर १० मिलिसेकंद डिलेही टाकला. तरी राइट होत नाही. कधीकधी तर इरेजसुद्धा होत नाही.

डागकाम:
१० मिलिसेकंद कुठे पुरणार! सेक्टर इरेजला साधारण ४५ लागतात, कमाल ४००. पेज प्रोग्रॅमला कमाल ३. तेवढा वेळ चिप बिझी असते आणि ०६ किंवा ०२ गुमान सोडून देते, एरर वगैरे काही नाही. डिले काढा आणि ०५ नं स्टेटस वाचा: बिट ० म्हणजे बिझी, बिट १ म्हणजे वेल. सीएस खाली ठेवून एकदाच ०५ दिली की जितके बाइट वाचाल तितक्यांदा ताजा स्टेटस मिळतो. टाइमआउट मात्र ठेवाच. मिसोची (चिपकडून येणाऱ्या डेटाची) वायर सुटली आणि एफएफ वाचलं गेलं, तर बिझी कायम १ दिसेल आणि लूप अडकेल.

क्लॉकवाला:
इरेज 'कधीकधी' होत नाही याचं कारण वेगळं वाटतंय. ०६ नंतर लगेच ०५ वाचा, स्टेटस ०२ (म्हणजे वेल चढलेला) यायला हवा. ०० आलं तर ०६ पोचलीच नाही. नव्या फंक्शनमध्ये सीएस कशावरून वर करता?

तापमापक_३३:
कधी ०२, कधी ००. टीएक्सई आला की सीएस वर. इनिटमध्ये बाइट पाठवून परतीचा बाइट वाचणारं फंक्शन होतं.

क्लॉकवाला:
मग तेच. टीएक्सई म्हणजे पाठवायचा बफर रिकामा. बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमधून बाहेर पडत असतो. आठवा बिट पुरा व्हायच्या आत सीएस उचलली की चिप ती कमांड मोजतच नाही. जुन्या फंक्शनमध्ये आरएक्सएनईची (परतीचा बाइट आल्याची खूण) वाट बघितली जायची, म्हणून चालत होतं. नव्यात टीएक्सई आल्यावर बीएसवाय (एसपीआय अजून कामात असल्याचा बिट) ० होईपर्यंत थांबा. आणि फक्त पाठवत असाल तर साठलेला आरएक्स बाइट वाचून टाका, नाहीतर पुढच्या वाचनात जुना बाइट हाती येईल.

तापमापक_३३:
झालं! शंभर वेळा इरेज-राइट-वाचन केलं, एकही चूक नाही. दर मिनिटाला १६ बाइट तापमानाची नोंद ठेवायची आहे. प्रत्येक वेळी सेक्टर इरेज करून लिहू ना?

डागकाम:
अजिबात नको. एका सेक्टरची हमी १ लाख इरेजची. दिवसाला १४४० म्हटलं तर साधारण ७० दिवसांत संपली. सेक्टर एकदाच इरेज करा आणि नोंदी एकापुढे एक लिहीत चला. ४०९६ बाइटमध्ये १६ च्या २५६ नोंदी मावतात, शिवाय १६ नं २५६ ला भाग जातो म्हणून कुठलीच नोंद पेजची सीमा ओलांडत नाही. सेक्टर भरला की पुढचा. बोर्ड चालू झाल्यावर पहिली पूर्ण एफएफ असलेली जागा शोधायची, तिथून पुढे लिहायचं. त्यासाठी नोंदीचा पहिला बाइट कधीच एफएफ येणार नाही असा ठरवून ठेवा.