प्रति: स्लाइड क्लिअर आली म्हणजे उंदीर निगेटिव्ह धरायचा का?

नाही धरायचा हो, वर कुणीतरी लिहिलंय की चागास रोगासाठी तपासलेल्या उंदराच्या रक्ताच्या स्लाइडवर परजीवी दिसला नाही म्हणजे त्याला लागण नाही, प्रश्न मिटला, तसं नसतंय बघा. ह्या रोगाचा परजीवी, ट्रिपॅनोसोमा क्रूझी, जुन्या इन्फेक्शनमध्ये रक्तात इतका कमी असतो की थेंबात सापडणं म्हणजे नशीबच. म्हणून १९१४ ला ब्रम्प्ट नावाच्या फ्रेंच माणसानं ढेकणालाच कामाला लावलं, झेनोडायग्नोसिस म्हणतात त्याला. लॅबमध्येच वाढवलेले स्वच्छ ट्रायटोमाईन ढेकूण घ्यायचे (हा रोग पसरवणारे रक्त पिणारे किडे; हे आपल्या खाटेतले नव्हेत, चांगले मोठे असतात, आमच्या खानापूरकडं गुरांना चिकटणारे गोचीड बघितलेल्यांनी तर भ्यायचं कारणच नाही), दोन-तीन आठवडे उपाशी ठेवायचे, मग जाळी लावलेल्या डबीतनं जनावराला चिकटवून अर्धा तास पोटभर पिऊ द्यायचं. पुढं महिना-दोन महिने थांबून त्यांची विष्ठा मायक्रोस्कोपखाली बघायची. एखादा जरी परजीवी आत गेला असला तरी आतड्यात त्याची पैदास होती, म्हंजे ढेकूण हीच आपली परजीवी वाढवायची, कल्चरची बाटली!

ढेकूण कोंबडीच्या रक्तावर पोसलेले असले तर उत्तम, पक्ष्यांना हा परजीवी लागत नाही. उंदरावर पोसलात तर ढेकणात परजीवी आधीच त्या उंदराकडनं शिरलाय का हे कसं कळणार?

पण इथंही निगेटिव्ह आलं की निश्चिंत होऊ नका, जुन्या केसमध्ये हेही बऱ्याचदा चुकतंय. पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी) जोडीला कराच की.