शिक्षक दिन : वर्गणी काढून साडी, की मुलांच्या हातचं काहीतरी? सोलापूरच्या पालकांनो, बोला

जुळेसोलापूर_आई

५ सप्टेंबर जवळ आला की पालकांच्या ग्रुपवर वर्गणीचा मेसेज ठरलेला. यंदाही आलाय. प्रत्येकी २०० रुपये, बाईंना साडी आणि वर्गात केक. माझा याला विरोध आहे. साडी दोन-तीन आया नवी पेठेत जाऊन आणतात, केक बेकरीतून येतो, आणि ज्यांच्यासाठी हा दिवस, ती लेकरं नुसती टाळ्या वाजवतात. बाईंना काय दिलं असं घरी विचारलं तर निम्म्यांना सांगताही येत नाही.

माझं म्हणणं, मुलांनी स्वतः करावं आणि वर्गात रोज वापरात येईल असं करावं. त्यासाठी लागणारं सगळं आपल्या गावात पडलेलं आहे. टॉवेलच्या कारखान्यांतून काठाचे आणि खराब निघालेल्या मालाचे तुकडे वजनावर मिळतात. त्यांचा फळ्याचा डस्टर फार छान होतो. वीतभर लांबीचे दोन तुकडे घ्यायचे, उलट बाजूनं तीन कडा शिवायच्या, उलटवून आत चिंध्या ठासून भरायच्या, चौथी कड बंद करायची आणि पाठीवर हात घालायला एक पट्टी शिवायची. टॉवेलच्या उभ्या धाग्यांत खडूची पूड अडकून बसते, लाकडी डस्टरसारखी पहिल्या बाकापर्यंत उडत नाही. दर शनिवारी धुतला की पुन्हा नवा.

खाऊ द्यायचाच तर शेंगदाण्याचा लाडू. दाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, चोळून फोलपटं पाखडायची, हे काम मुलं फार मन लावून करतात. मग चिरलेला गूळ घालून खलबत्त्यात कुटायचं. दाण्याला तेल सुटतं, त्यामुळे वळायला तूपसुद्धा लागत नाही. चिक्कीच्या भानगडीत पडू नका. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरातच, गुळाला हवेतली ओल लागते आणि सकाळची कडक चिक्की दुपारी कागदाला चिकटते.

तुम्हाला काय वाटतं?

विडीवालीची_लेक

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी स्पष्ट विरोधात आहे. शाळेत 'मुलांच्या हातचं' म्हटलं की ते आईच्या हातचं असतं. प्रोजेक्ट रात्री अकरा वाजता कोण चिकटवतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

माझी आई विड्या वळायची. हजार विड्यांमागे मजुरी. पानं भिजवा, कापा, वळा, कारखान्यात नेऊन द्या, आणि त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या तर त्याचे पैसे नाहीत. अशा घरात 'उद्या हातानं केलेलं काहीतरी आणा' अशी चिठ्ठी आली की त्या रात्री विड्या कमी वळल्या जायच्या. म्हणजे पैसेच गेले की! कुंभारीच्या रे नगरात, विडी घरकुलात आजही हजारो आया हेच काम करायलेत. वर्गणी नको हे मान्य. पण तिच्या जागी आईची रात्र घेऊ नका.

होटगीरोड_बाबा

मी फक्त लाडवाबद्दल लिहितो. माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. वाढदिवसाला कुणीतरी घरून खाऊ आणला, याने अर्धा खाल्ला, आणि शाळेतून फोन येईपर्यंत ओठ सुजले होते, अंगावर गांधी उठल्या होत्या, श्वासाला घरघर लागली होती. वेळेत दवाखान्यात पोचलो म्हणून निभावलं.

विकतच्या बिस्किटाच्या पुड्यावर शेंगदाणा, दूध, गहू काय आहे ते छापलेलं असतं. घरच्या डब्यावर काहीच लिहिलेलं नसतं, आणि सोलापुरात तर कूट कशात नसतं? भाजीत, कोशिंबिरीत, पोळीत. हातचं द्या, वर्गाला द्या, पण शेंगदाणा नको.

साखरपेठ_आजोबा

आमच्या वेळी पोरं शेंगा खाऊनच मोठी झाली. असलं काही कुणाला होत नव्हतं. एका मुलासाठी अख्ख्या वर्गाचा लाडू बंद करायचा हे मला पटत नाही. सोलापुरात राहून शेंगदाणा टाळायचा म्हणजे कमालच झाली. त्याच्या डब्याची वेगळी सोय करा, बाकीच्यांना खाऊ द्या.

होटगीरोड_बाबा

आजोबा, तुमचा मान ठेवून सांगतो. वेगळी सोय करूनच तो रोज शाळेत जातो. पण पहिली-दुसरीची लेकरं एकमेकांच्या हातचं खातात, हात न धुता खेळतात. चाळीस मुलांच्या हाताला कूट लागल्यावर मी एकट्याचा डबा कुठं वेगळा ठेवू? तुमच्या काळी त्रास होत असेल तरी त्याला नाव नव्हतं. 'लेकराला काहीतरी बाधलं' एवढंच म्हणायचे.

अजून एक. बालवाडीच्या वयाला अख्खा दाणा कुणीच देऊ नये, ॲलर्जी असो वा नसो. घशात अडकतो.

मोहोळ_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्या बाजूनं लिहिते.

आधी नियम. आमच्या नोकरीत भेटवस्तू घेण्यावर बंधनं आहेत आणि ती असायलाच हवीत. साडी तर मी घेतच नाही. पण नियम बाजूला ठेवला तरी एक गोष्ट मला दर वर्षी दिसते. पाच तारखेला सकाळी मुलं टेबलाभोवती गर्दी करतात, पेन, फूल, डबी, जे असेल ते पुढे करतात. त्याच वेळी एक-दोन जण पाणी प्यायला बाहेर जातात. तहान लागलेली नसते, हातात काही नसतं. गर्दी पांगली की ती परत येऊन बसतात आणि पुढचा तासभर माझ्याकडे बघत नाहीत. हे एकदा लक्षात आलं की टेबलावरचं काहीच गोड लागत नाही.

वस्तू हातची असली तरी हे चुकत नाही. उलट वाढतं. एकीच्या आईनं आरशे लावून शिवलेली पिशवी आणि दुसरीनं वहीचं पान फाडून केलेलं कार्ड शेजारी-शेजारी आलं की वर्गाला फरक लगेच कळतो. विकतच्या पेनांत तो निदान पाच-दहा रुपयांचाच असतो.

खाण्याबद्दल मी होटगी रोडच्या बाबांच्या बाजूनं आहे. पोषण आहार मुलांना वाढण्याआधी आम्ही चाखतो, त्याची नोंद ठेवतो, कारण काही झालं तर उत्तर आम्हाला द्यायचं असतं. मग घरून आलेल्या चाळीस लाडवांचं उत्तर कोण देणार? आणि मॅडमला इतकं गोड झेपतं का, हेही कुणी विचारत नाही. माझ्या सहकारी शिक्षिकांपैकी कितीतरी जणींना साखरेचा त्रास आहे. डबे घरी नेतात आणि गल्लीत वाटतात.

मात्र तो डस्टर मला खरंच हवाय. आमच्या वर्गातला लाकडी डस्टर झिजून त्याची लोकर निघालीय, मुलं रुमालानं फळा पुसतात.

बचतगट_अक्का

मला एक सांगा, विकतची वस्तू हातची नसते का? आमच्या गटातल्या बायका शेंगा चटणी करतात. दाणे भाजायचे, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात तेल सुटेपर्यंत कुटायचं. खांदे भरून येतात. मिक्सरमधल्या भुग्याला ती चव येत नाही. वर्गणीच्या पैशानं बेकरीचा केक आणण्यापेक्षा ही चटणी आणि कडक भाकरी शिक्षकांना द्या. गोड नाही, टिकते, शाळेच्या डब्याला रोज उपयोगी पडते, आणि पैसा चार घरांत जातो. मोठ्या माणसाला ॲलर्जी असेल तर विचारून घ्या, एवढंच. मुलांना वाटायची नाहीच.

विडीवालीची लेक म्हणते त्यातही बसतं. आईची रात्र जात नाही, आणि दुसऱ्या आईला दाम मिळतो.

जुळेसोलापूर_आई

अक्का, तुमच्या चटणीला मी कधीच नाही म्हणणार नाही, ती घरी घ्यायचीच. पण इथे पुन्हा लेकरू बाजूलाच राहिलं. पैसे मोठ्यांचे, कुटणं मोठ्यांचं, देणं मोठ्यांचं. बाईंनी ज्याला वर्षभर शिकवलं त्याचा हात त्यात कुठे आहे? माझा सगळा आग्रह तेवढ्यासाठीच आहे.

मोहोळच्या बाई, पाणी प्यायला जाणाऱ्या लेकरांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी ठाम झाले. एकेकट्यानं काही आणायचंच नाही. आख्ख्या वर्गाची मिळून एक वस्तू, आणि ती शाळेत करायची, कार्यानुभवाच्या तासाला. घरी चिठ्ठी नाही, सामान आणा नाही. मग ना कुणाची आई जागते, ना कुणाचं लेकरू रिकाम्या हातानं येतं.

लाडू मी वर्गातून काढते. पण कायमचा सोडत नाही. संक्रांतीला, आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, हवा कोरडी असते, घरोघरी तिळगूळ असतो, आया हळदी-कुंकवाला शाळेत आलेल्या असतात. तेव्हा कुणाला काय चालत नाही ते आयांनाच विचारून करता येईल. तीळही काहींना चालत नाहीत, म्हणून आधी विचारायचंच.

अशोकचौक_सर

निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. मला हा सगळा देण्याघेण्याचाच भाग नको वाटतो, हातचं असो की विकतचं.

डॉ. राधाकृष्णन १९६२ साली राष्ट्रपती झाले, विद्यार्थ्यांना त्यांचा वाढदिवस साजरा करायचा होता, तेव्हा त्यांनी तो दिवस शिक्षकांच्या नावे करायला सांगितला. म्हणजे स्वतःच्या वाट्याचा मान त्यांनी दुसऱ्यांना देऊन टाकला. त्या दिवसाला आपण वस्तू गोळा करायचा दिवस का करायचा? त्या दिवशी दहावीची मुलं सर होऊन पाचवीला शिकवतात, ही प्रथा मला सगळ्यात आवडते. सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं पुष्कळ असायची. त्यातला एक जण, एरवी तोंड न उघडणारा, त्या दिवशी पाचवीला अपूर्णांक शिकवायला उभा राहिला. धाकट्यांना मराठीत कळेना तेव्हा तेलुगूत सांगितलं, पुन्हा मराठीत सांगितलं, आणि तास संपला तरी कुणी उठेना. त्या पोरानं मला त्या दिवशी जे दिलं ते मी अजून विसरलो नाही. तेवढं पुरतं.

पूर्वभाग_कारखानदार

सर, नमस्कार. शिकवायची प्रथा राहूच दे, पण डस्टरनं तिचं काय बिघडतं? शिकवणाऱ्या पोरालाही फळा पुसावा लागतोच की.

माझे टॉवेलचे माग आहेत. तुकडे विकत घेऊ नका. शाळेनं पत्र दिलं तर पोतंभर तसेच देईन. एक सांगतो, रंगीत तुकडे आधी दोनदा धुवून घ्या, नाहीतर रंग ओल्या फळ्यावर उतरेल. आणि सुती निवडा. पॉलिस्टरचं मिश्रण असलेल्या तुकड्याला खडू नीट धरत नाही.

विडीवालीची_लेक

तुकड्यांचं झालं, पण सुई कोण धरणार? पहिलीच्या लेकरांच्या हातात सुई देणार आहात का? की शेवटी शिवायला पुन्हा दोन-चार आयांनाच बोलावणार? 'तुम्ही घरीच असता ना' म्हणून बोलावणं ज्यांना येतं त्या घरी बसून काम करणाऱ्याच असतात.

मोहोळ_बाई

प्रश्न बरोबर आहे. पहिली-दुसरीला सुई नाहीच. त्यांनी चिंध्या फाडायच्या, भरायच्या. भरणं सोपं नाही, कोपऱ्यांत बोटांनी ठासावं लागतं, आणि ते लहान बोटांना मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं. शिवायचं पाचवी-सहावीनं, मुलगे आणि मुली दोघांनी. जाड सुई, दुहेरी दोरा, साधा धावदोरा. वेडावाकडा आला तरी उसवून पुन्हा कुणी मोठ्यानं शिवायचा नाही. आयांना बोलावणार नाही, मी स्वतः उभी राहीन.

आणि माझी एक अट. डस्टर मला 'भेट' म्हणून द्यायचा नाही. आमच्या वर्गाचा एक आणि बालवाडीच्या वर्गाचा एक, असे करायचे. मोठ्यांनी धाकट्यांच्या वर्गात नेऊन द्यायचा. शिक्षकाचं नाव त्यावर नको.

साखरपेठ_आजोबा

हे मला आवडलं. लाडवाबद्दल माझं मत तेच आहे. पण होटगी रोडच्या बाबांच्या लेकराला माझे आशीर्वाद सांगा.

होटगीरोड_बाबा

सांगतो, आजोबा. बाई, चिंध्या कोरड्या भरताना बारीक तूस उडतं, मुलाला दम्याचाही थोडा त्रास आहे. भरायचं काम व्हरांड्यात करता येईल का?

मोहोळ_बाई

हो, व्हरांड्यातच करू. तुकडे धुवून वाळवलेले असतील, त्यामुळे तूसही कमी उडेल.

विडीवालीची_लेक

शाळेत, शाळेच्या वेळात आणि शाळेच्या सामानानं होणार असेल तर माझी हरकत नाही. पण ३ तारखेला संध्याकाळी 'उरलेलं घरून शिवून आणा' असा मेसेज आला, तर मी ग्रुपवर सगळ्यांसमोर नाही म्हणणार आणि बाकीच्या आयांनाही नाही म्हणायला सांगणार.

जुळेसोलापूर_आई

जरूर म्हणा. मीही तुमच्यासोबत म्हणेन. कारखानदार दादा, पत्र कुणाच्या नावे द्यायचं ते कळवा, सोमवारी मुख्याध्यापकांना भेटायलेय.