मदत हवी आहे: सूर्यच मावळत नाही, तर शाब्बाथचा दिवा कधी लावायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. जूनअखेरीस आईला (वय ७६) घेऊन नॉर्वेत ट्रोम्सोला चाललोय, भाची तिथे शिकते. आईचा शाब्बाथ (शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस) एकदम कडक. शुक्रवारी सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी दिवा, आणि शनिवारी तीन चांदण्या दिसेपर्यंत विजेच्या बटणालासुद्धा हात नाही. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना 'शनवार तेली' म्हणत; त्यांची ही लेक, तिला कोण सांगणार 'प्रवासात चालतं' म्हणून!

घरी वेळा मोबाइलवरच बघतो. ॲपमध्ये ट्रोम्सो टाकलं तर सूर्यास्ताचा रकाना कोरा. साधारण २० मे ते २२ जुलै तिथे सूर्य मावळतच नाही. आई म्हणाली, "म्हणजे शुक्रवार संपतच नाही की काय?"

एक मत असं वाचलंय की जिथून निघालो त्या गावचं घड्याळ धरावं. ठाण्यात तेव्हा दिवा संध्याकाळी सातच्या सुमारास, म्हणजे ट्रोम्सोत दुपारी साडेतीन! बाहेर लख्ख ऊन आणि आत किद्दुश (शाब्बाथच्या रात्री शरबताच्या पेल्यावर म्हणतात ती प्रार्थना). असं कोणी केलंय का? ॲपमध्ये ठिकाण ठाणे ठेवलं तर वेळ भारताची दिसते की नॉर्वेची? शिवाय शनिवारी शाब्बाथ सुटायची वेळ कळायला गजर लावायचाय, पण तो आपोआप बंद व्हायला हवा. हात लावता येणार नाही, आणि शेजारच्या खोलीतले लोक दारावर येतील.

दुसरं, हॉटेलात ज्योत लावायला बंदी. तारेचा बल्ब तापून पेटतो म्हणून तो काही रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) चालतो, एलईडीबद्दल मात्र तसं म्हणत नाहीत. म्हणून पिवळ्या बल्बची जुन्या धाटणीची बॅटरी शोधतोय. ठाणे स्टेशनबाहेर चार दुकानं पालथी घातली, सगळीकडे एलईडीच पुढे करतात. कुठे मिळेल?

तिसरं, खोलीचं दार कार्डाने उघडतं. साधी किल्ली मागितली तर देतात का?

किद्दुशच्या शरबताची काळजी नाही. गुरुवारी काळ्या मनुका भिजत घालणार, त्याला ॲप लागत नाही.

तिकिटं निघालीत, तेव्हा कृपया 'डिसेंबरात जा' म्हणू नका. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही.