सीएनसी आल्यावर जुने टर्नर का अडतात?

उद्यमबाग_सुपरवायझर
बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचे पार्ट करणारं शॉप आहे. हातानं चालवायच्या सेंटर लेथच्या जागी प्रोग्रॅमवर चालणाऱ्या दोन सीएनसी लेथ आल्यात. जुने मिस्त्री, म्हणजे लेथवरचे टर्नर, ट्रेनिंगला बसतात, मान डोलावतात, पण मशीनला हात लावत नाहीत. आयटीआयची पोरं लगेच शिकली. पोरं बहुतेक कन्नड, मिस्त्री मराठी, त्यामुळं आता सगळं भाषेवर घसरलंय. पगार कुणाचाच कमी केलेला नाही. मग अडतंय कुठं?

मायक्रोमीटर
पगार तसाच आहे हो, मान कुठाय? सेंटर लेथवर मिस्त्रीचा शब्द शेवटचा. चिपचा, म्हणजे निघणाऱ्या धातूच्या किसाचा रंग आणि कटाचा आवाज यांवरून टूल कधी काढायचं ते तोच ठरवतो. त्याला नुसतं सायकल स्टार्टचं बटण दाबायला लावलं की तो हेल्पर झाला, तेही काल आलेल्या पोरासमोर. त्यात ऑफसेट (मशीनला दिलेलं टूलचं माप) चुकून टरेट (टूल धरणारा भाग) चकवर (पार्ट पकडणाऱ्या भागावर) आपटला तर सगळं शॉप बघणार.

कामाची वाटणी बदला. सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) पार्टच्या मापाला बोअर करणं, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) निवडणं, चॅटर (कापताना थरथर) आला तर ओव्हरहँग (टूलचा बाहेर आलेला भाग) कमी करणं ही लेथचीच विद्या, ती मिस्त्रीकडं द्या. प्रोग्रॅम पोरांकडं. पहिल्या पीसवर सही मिस्त्रीची आणि वेअर ऑफसेट (टूल झिजल्यावर करायची मापाची दुरुस्ती) बदलायचा हक्कही त्याचाच. मात्र व्यासात ०.०५ मिमीपेक्षा जास्त बदल लागत असेल तर आधी दुसऱ्यानं पुन्हा मापायचं. सरावाला नायलॉनचा रॉड लावा, सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत), रॅपिड ओव्हरराइड (न कापता सरकायचा वेग) २५ टक्के, आणि आजूबाजूला गर्दी नको. हजेरीपत्रकावर ‘सेटर’ (मशीन लावून देणारा) हुद्दा आधी लिहा, ट्रेनिंग नंतर. उलटं केलं की ट्रेनिंगची परीक्षा होते, आणि परीक्षेत नापास होण्यापेक्षा न बसलेलं बरं असं कुणालाही वाटतं.

मच्छे_एचआर
भाषेचं सांगतो. कारागीर म्हणून असलेली ओळख हलली की माणूस, कुणी काढून घेऊ शकत नाही अशा ओळखीला टेकतो. आपल्याकडं ती तयारच असते. म्हणून ‘ते लोक मुद्दाम करतात’ अशी तक्रार तशीच नोंदवू नका. मशीन नंबर, शिफ्ट, पार्ट, किती पीस रिजेक्ट आणि कोणत्या मापात, एवढं विचारा. निम्म्या तक्रारी तिथंच सेटिंगच्या निघतात.

दोन्ही गटांना एकत्र जेवायला घालून भागत नाही. १९५४ साली ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफ यांनी २२ मुलांचे दोन गट करून प्रयोग केला होता. एकत्र जेवणात मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पाणीपुरवठा बिघडल्यावर दोघांनी मिळून तो सुरू करायची वेळ आली, तशा आणखी कामांनंतर वैर उतरलं. तुमच्याकडं ते काम म्हणजे रिजेक्शन. एक मिस्त्री, एक पोरगा अशी जोडी लावा आणि आकडा जोडीचा धरा. नुसता पोराचा धरलात तर मिस्त्री मजा बघत बसणार.

आणि शिफ्टचे बदल ऑक्टोबर अखेरीला जाहीर करू नका. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक स्थापनेचा राज्योत्सव, दुसरीकडं सीमाभागातल्या मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस. त्या आठवड्यात साध्या रोस्टरलाही वेगळा अर्थ चिकटतो.

ओव्हरटाइम_बघा
वरचं पटतं, पण प्रत्येक नकार मानापमानाचा नसतो. सीएनसीवर तेच पीस कमी तासांत निघतात, म्हणजे ओव्हरटाइम गेला. मूळ पगार सोडा, गेल्या सहा महिन्यांत हातात पडलेली रक्कम काढा. तिथं खड्डा असेल तर आधी तो भरा, नाहीतर सही-हुद्दा सगळं फुकट. शिफ्टपद्धत बदलणार असाल तर कायद्यानं २१ दिवस आधी लेखी नोटीस लागते. ती मराठीतही लावा.

उद्यमबाग_सुपरवायझर
ओव्हरटाइम खरंच बघितला नव्हता. आणि सेटर व्हायलाही एखादा नाहीच म्हणाला तर?

मायक्रोमीटर
तर एक सेंटर लेथ विकू नका. रिपेअर, फिक्स्चर (पार्ट धरायची साधनं), एक-दोन नगांचं सुटं काम प्रोग्रॅम लिहिण्याआधी तिथं होऊन जातं. फक्त त्याला जॉब कार्ड (कामाची नोंद असलेली चिठ्ठी) वेगळं द्या. कार्ड नसलं की शॉपमधलं सगळं नको असलेलं काम तिकडं ढकललं जातं.