मदत हवी आहे: ‘साइडबॉटम’ आणि ‘बोथम’ ही आडनावं

2008 साली हॅमिल्टनच्या कसोटीत न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेणारा इंग्लंडचा कुरळ्या झुलपांचा गोलंदाज रायन साइडबॉटम आठवतोय? त्याच्या आडनावाला आम्ही मित्र हसायचो, कारण आजच्या इंग्रजीत ‘बॉटम’ म्हणजे ढुंगणही. आता भाचीने अर्थ विचारला, म्हणून शोधलं, तर विनोदच उलटला.

जुन्या इंग्रजीत ‘बॉटम’ म्हणजे दरीचा तळ, सखल जमीन. आणि ‘साइड’ म्हणजे बाजू नव्हे, तर ‘सीड’, म्हणजे रुंद. थोडक्यात, रुंद दरीतले ते साइडबॉटम! आपल्याकडे दरे गावचे दरेकर, तसंच. इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायर-चेशायरकडे, अशी आडनावं बरीच: रॅम्सबॉटम, शफलबॉटम, हिगिनबॉटम. रॅम्सबॉटम नावाचं गाव तर मँचेस्टरच्या उत्तरेला आजही आहे.

खरी गंमत पुढे. बोथम हेही त्याच कुळातलं! 1980 मध्ये वानखेडेवर शतक आणि 13 बळी घेऊन आपल्याला रडवणारा इयन बोथमसुद्धा मुळात दरीवालाच.

माझं अडलंय ते इथे. ‘बॉटम’चं ‘बोथम’ लोकांनी लाजेपोटी केलं, की तो जुना बोलीतला उच्चारच टिकला? आणि ‘बॉटम’ व संस्कृत ‘बुध्न’ एकाच मुळातले, हे पक्कं आहे. मग आपल्या भांड्याचं ‘बूड’ही त्यातलंच का? व्युत्पत्तीच्या जाणकारांनी कृपया सांगावं. लँकेशायरकडे राहणारं कुणी असेल, तर तिथले लोक या आडनावांचा उच्चार नेमका कसा करतात तेही कळवा. भाची रोज विचारतेय हो!