२०१२ चे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार: क्विझमध्ये साल कुठलं धरायचं?

खासबाग: कोल्हापुरात कॉलेजच्या पोरांसाठी सिनेमाची क्विझ ठरलीय. एक फेरी फक्त २०१२ च्या पुरस्कारांची. का, ते सांगायला नको. 'धग'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली उषा जाधव आपल्या कोल्हापूरची. पण तो पुरस्कार जाहीर झाला २०१३ ला आणि सिनेमा थिएटरात लागला २०१४ ला. उत्तरात साल काय लिहायचं? शेजारी फिल्मफेअर, ऑस्कर ठेवायचे तर कितवे?

रंकाळावेस: २०१२ च लिहा. राष्ट्रीय पुरस्काराला सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख बघतात, थिएटरची नाही. २०१२ मध्ये प्रमाणपत्र मिळालेले सिनेमे ६०व्या पुरस्कारांना. निकाल १८ मार्च २०१३, वितरण ३ मे २०१३, दिल्लीत. मराठीत वितरक मिळेपर्यंत वर्ष उलटतं, म्हणून हा घोळ आपल्याकडे फार. 'अनुमती' आणि 'संहिता'ही पुरस्कारानंतरच लागले. 'श्वास'चं तेच, पुरस्कार २००३ चा, प्रदर्शन २००४ चं.

यादी अशी: चित्रपट 'पानसिंग तोमर'. अभिनेता विभागून, इरफान खान ('पानसिंग तोमर') आणि विक्रम गोखले ('अनुमती'). अभिनेत्री उषा जाधव, दिग्दर्शक शिवाजी लोटन पाटील, दोन्ही 'धग'साठी. गाण्यांचं संगीत शैलेंद्र बर्वे आणि गायिका आरती अंकलीकर-टिकेकर, दोन्ही 'संहिता'साठी. सहायक अभिनेता अन्नू कपूर ('विकी डोनर'). फाळके पुरस्कार प्राण यांना.

अभिनेत्याला एकच नाव आलं तर अर्धे गुण, हे आधीच जाहीर करा. नाहीतर निम्मा वेळ वादात जाईल.

राजारामपुरी७: यादी बरोबर. पोरं कुठं घसरतील ते सांगतो.

सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून सगळे 'धग' दाबणार. तो 'इन्व्हेस्टमेंट', रत्नाकर मतकरींचा. दुसरं, कमळ. दिग्दर्शनाला सुवर्णकमळ, अभिनयाला रजतकमळ. म्हणजे एकाच सिनेमातल्या दोघांना वेगवेगळी कमळं. तिसरं, अभिनेत्री म्हणून विद्या बालनचं नाव हमखास येणार. तिचं राष्ट्रीय पारितोषिक 'द डर्टी पिक्चर'चं, ते आदल्या म्हणजे ५९व्या खेपेचं. २०१२ चं तिचं फिल्मफेअर आहे, 'कहानी'साठी.

फिल्मफेअर ५८वे घ्या, जानेवारी २०१३ मधले: चित्रपट 'बर्फी', अभिनेता रणबीर कपूर. इरफानला तिथं समीक्षकांचा पुरस्कार, 'पानसिंग तोमर'साठीच. ऑस्कर ८५वे, २४ फेब्रुवारी २०१३: चित्रपट 'आर्गो', पण दिग्दर्शक अँग ली, 'लाइफ ऑफ पाय'साठी. चित्रपट एकाचा, दिग्दर्शन दुसऱ्याचं हे दिल्लीतही झालं आणि तिकडंही, त्यामुळं जोडप्रश्न झकास होईल.

खासबाग: म्हणजे प्रश्नात 'कितवे' लिहायचं, सोबत '२०१२ साठीचे'. नुसतं '२०१३ चे पुरस्कार' नको.

रंकाळावेस: होय. आणि उषा जाधव बझरला ठेवू नका, कोल्हापुरात ते फुकटचे गुण. तिथं 'धग'चा दिग्दर्शक विचारा की.