उमेदवार कुणी ठरवायचा? अमेरिकेतल्या प्रायमरी बघून पडलेला प्रश्न

परळकर | ३ मार्च २०२०, संध्याकाळी ७.४०

नमस्कार मंडळी,

आज अमेरिकेत 'सुपर ट्यूसडे'. चौदा राज्यांत एकाच दिवशी प्रायमरी आहे, म्हणजे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारांनी ठरवायचं मतदान, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जवळजवळ एक तृतीयांश प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे) आजच ठरणार. निकाल उद्या सकाळी कळेलच. मला त्याच्या आधीचं काहीतरी विचारायचंय.

या पक्षाचे एक इच्छुक जो बायडेन आयोवात चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. नेवाडात दुसरे इच्छुक बर्नी सँडर्स यांनी सगळ्यांना खूप मागे टाकलं. बायडेन संपले असंच सगळीकडे छापून येत होतं. मग साउथ कॅरोलिनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी बायडेनना जाहीर पाठिंबा दिला आणि शनिवारी तिथे बायडेनना जवळपास निम्मी मतं पडली. पुढच्या दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुचर दोघंही मैदानातून बाहेर पडले आणि डॅलसमध्ये बायडेनच्या बाजूने उभेही राहिले. बुटिजेज म्हणजे आयोवात सर्वाधिक प्रतिनिधी मिळवलेला माणूस.

माझा पहिला प्रश्न: हा लोकांचा कौल म्हणायचा, की आपल्यासारखाच 'वरून आदेश'? आणि दुसरा, मला जास्त महत्त्वाचा वाटणारा: असं काही आपल्या पक्षांत कधी होऊ शकेल का?

हे का विचारतोय ते सांगतो. मी तरुणपणापासून एका पक्षाचं काम करतो. नाव लिहीत नाही, कारण जे सांगतोय ते बहुतेक पक्षांत तसंच चालतं. मतदारयादी घेऊन चाळी-इमारतींचे जिने चढायचे, प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण करायची: आपला, त्यांचा, डळमळीत. मतदानाच्या दिवशी सकाळी सहापासून बूथबाहेर टेबल टाकून बसायचं. हे सगळं मी आणि माझ्याबरोबरच्या पोरांनी मनापासून केलं. पण ज्याच्यासाठी करायचं तो कोण, हे आम्हाला कधी कुणी विचारलेलं नाही.

एका निवडणुकीत अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी आम्ही निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर उभे होतो. तीन वाजता मुदत संपते. आमच्या वॉर्डात रात्रीअपरात्री धावून जाणारा, पाण्याच्या लाइनसाठी पालिकेत खेटे घालणारा कार्यकर्ता अर्ज भरून एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण हे सांगणाऱ्या कागदाची, वाट बघत होता. फॉर्म आला पावणेतीनला, गाडीतून, दुसऱ्याच माणसाच्या नावाचा. तो माणूस महिन्यापूर्वी दुसऱ्या पक्षात होता. शाईतली सही अजून ओली दिसत होती. आमचा माणूस काही बोलला नाही, खाली मान घालून चालत स्टेशनकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्या नव्या उमेदवाराच्या स्लिपा वाटायला लागलो.

म्हणून मी आयोवाच्या कॉकसची, म्हणजे सभा भरवून उमेदवार निवडायच्या पद्धतीची, दृश्यं बघतच राहिलो. शाळेच्या जिममध्ये शेजारीपाजारी जमले होते आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभे होते. ज्या गटाला पंधरा टक्के जमले नाहीत त्यातल्या लोकांना बाकीचे येऊन पटवत होते, "आमच्याकडे या." अगदी आमच्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाच्या सर्वसाधारण सभेसारखं. आणि इच्छुकांच्या वादसभा! नेवाडाची वादसभा मी २० फेब्रुवारीला सकाळी साडेसातला मोबाइलवर बघितली, चहा गार झाला. एलिझाबेथ वॉरननी मायकेल ब्लूमबर्गना तोंडावर विचारलं, की तुमच्या कंपनीतल्या ज्या बायकांना करार करून गप्प बसवलंय त्यांना बोलायला मोकळीक देणार का? एकाच पक्षातली दोन माणसं, देशासमोर. ब्लूमबर्गना उत्तर देता येईना. आपल्याकडे पक्षातल्या माणसाबद्दलची अशी तक्रार बंद दाराआड होते आणि तिथेच मिटते.

जाणकारांनी लिहावं. मनापासून विचारतोय.

---

मेधा_दादर | ३ मार्च, रात्री १०.१५

परळकर, मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं मागे जाते.

तुमच्या एबी फॉर्मसारखी परिस्थिती अमेरिकेतही होती, आणि फार जुनी गोष्ट नाही. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. राज्याराज्यांतले पुढारी आणि महापौर प्रतिनिधींचे गठ्ठे हातात ठेवून असत. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध तरुण रस्त्यावर होते, युद्धविरोधी उमेदवारांना प्रायमरीत भरघोस मतं पडली होती आणि तिकीट गेलं तिसऱ्यालाच. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी पोरांना झोडपलं, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर उमेदवार निवडीचे नियम बदलायला पक्षाचा मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला गेला आणि १९७२ पासून प्रायमरींना खरं वजन आलं. म्हणजे वरून कुणी उदार होऊन हा हक्क दिला नाही. पक्ष हरला, फुटायच्या बेताला आला, तेव्हा दिला.

पुढचंही सांगायला हवं. नव्या नियमांनी पहिला उमेदवार झाला तो स्वतः मॅकगव्हर्न, आणि रिपब्लिकन निक्सननी त्याला पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत हरवलं. मग पुढाऱ्यांनी 'सुपरडेलिगेट' (प्रायमरीत न निवडता पदामुळेच प्रतिनिधी होणारे पुढारी) आणून थोडा ताबा परत घेतला. २०१६ मध्ये सँडर्सच्या लोकांनी त्यावर रान उठवलं, तेव्हा २०१८ साली नियम बदलला. आता अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत चुरस असेल तर सुपरडेलिगेटना मत नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं. क्लायबर्ननी सांगितलं, लोकांनी ऐकलं. ऐकायचं नसतं तर बूथमध्ये जाऊन सँडर्सना मत द्यायला कुणाची आडकाठी नव्हती. बुटिजेजनी पाठिंबा दिला म्हणून त्यांचा मतदार बायडेनकडे जाईलच असंही नाही. पुढारी सौदे करतातच. तिथे सौद्यानंतर मोजणी होते, आपल्याकडे सौदा झाला की विषय संपतो.

पण रिपब्लिकन पक्षाचं २०१६ विसरू नका. सतरा उमेदवार होते. साउथ कॅरोलिनात ट्रम्पना साधारण एक तृतीयांश मतं मिळाली आणि तिथले पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी त्यांच्या खात्यात गेले. विरोधातली मतं विभागली की असं होतं. बुटिजेज-क्लोबुचर इतक्या घाईने का थांबले, ते यातून कळेल.

---

स्वाती_गिरगाव | ४ मार्च, दुपारी ४.०५

आज सकाळी बहिणीशी बोलले. ती बॉस्टनजवळ राहते, तिथली नागरिक आहे. काल तिने वॉरनना मत दिलं आणि वॉरन आपल्याच मॅसॅच्युसेट्समध्ये तिसऱ्या आल्या! पहिले बायडेन, तिथे त्यांचा फारसा प्रचारही नव्हता. बहीण जाम हिरमुसली होती. पण म्हणाली, "मला जी सगळ्यांत लायक वाटली तिला मी मत दिलं. नोव्हेंबरमध्ये पक्ष देईल त्याला देईनच."

मला मात्र एक गोष्ट पटत नाही. माझी बहीण डेमोक्रॅटिक पक्षाची सदस्य नाहीच. तिथे बरेच मतदार कुठल्याच पक्षात नोंदलेले नसतात. केंद्रावर टेबलाशी विचारतात, कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ? मागाल ती मिळते. सँडर्स स्वतः सिनेटमध्ये अपक्ष म्हणून निवडून येतात आणि तिकीट मागतात डेमोक्रॅटिक पक्षाचं. परळकर, तुम्ही जिने चढणाऱ्या कार्यकर्त्याबद्दल कळवळून लिहिलंत ते मला लागलं. पण या पद्धतीत त्या कार्यकर्त्याच्या मताला बाहेरच्या माणसाच्या मताइतकीच किंमत आहे. ते चालेल तुम्हाला?

आणि कॅलिफोर्नियात ज्यांनी आधीच टपालाने बुटिजेजना मत पाठवलं होतं त्यांचं मत वायाच गेलं की.

---

नितीन_चेंबूर | ४ मार्च, रात्री १०.३०

ब्लूमबर्गनी आज माघार घेतली. पन्नास कोटी डॉलरहून जास्त खर्च केले आणि पदरात पडलं फक्त अमेरिकन समोआ हे छोटंसं बेट. पैशाने सगळं विकत घेता येत नाही याचा मला आनंद आहे. पण आपल्याकडे याच्या उलट होईल असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे.

मी उमेदवारांच्या निवडणूक खर्चाचे हिशेब लिहितो. चहा, वडापाव, खुर्ची, मांडव, प्रत्येक गोष्टीचा दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं. आम्ही नोंदवही लिहितो आणि निरीक्षकाची माणसं आपली वेगळी वही लिहीत असतात. दोन्ही जुळवताना घाम फुटतो. २०२० मध्ये विधानसभेला मर्यादा २८ लाख होती, लोकसभेला ७० लाख. पण ही मर्यादा अर्ज भरल्या दिवसापासून निकालापर्यंतची. प्रायमरी होणार अर्ज भरण्याच्या आधी. म्हणजे त्या फेरीत कुणी किती उधळले ते कुठल्याच वहीत येणार नाही. मुंबईत ज्याच्या पाठीशी बिल्डर, त्याची प्रायमरी.

दुसरं, सदस्यनोंदणी. एकेका खोलीत चाळीस सदस्य दाखवलेल्या याद्या मी बघितल्यात.

आणि प्रयोग झालेलाच नाही असं नाही. २०१४ ला काँग्रेसने पंधराएक लोकसभा मतदारसंघांत प्रायमरी घेतली होती. वडोदऱ्यात नरेंद्र रावत पक्षाच्या लोकांची मतं मिळवून उमेदवार ठरले. मग तिथून मोदी उभे राहणार हे जाहीर झालं, रावत बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्रींना उभं केलं. मतदान करून निवडलेला माणूस शेवटी वरच्यांच्या सोयीने बदलता येत असेल तर मतदान कशाला घ्यायचं?

---

परळकर | ५ मार्च, संध्याकाळी ८.२०

तिघांचे आभार. रात्री पुन्हा पुन्हा वाचलं.

स्वातीताई, बाहेरच्या माणसाचं मत मला चालणार नाही. साफ सांगतो. अमेरिकेत ते चालतं, कारण तिथे प्रायमरी बहुतेक ठिकाणी सरकारच घेतं, राज्याच्या कायद्याने आणि राज्याच्या खर्चाने. आपल्याकडे पक्षाने स्वतःची निवडणूक स्वतः घ्यायची, तर ज्याने वर्गणी भरली आणि काम केलं त्यानेच मत द्यावं. बहिणीचं वाक्य मात्र मी आमच्या पोरांना वाचून दाखवलं. हरूनही नोव्हेंबरमध्ये पक्षाला मत द्यायची तयारी तिच्यात आली, कारण आधी तिला विचारलं गेलं होतं. आमच्याकडे दर निवडणुकीत बंडखोर अपक्ष उभे राहतात. त्यातले निम्मे तरी लालची नसतात. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

मेधाताई, सतराजणांत मतं फुटायची भीती खरी आहे. म्हणून पहिल्या दोघांत दुसरी फेरी घ्या. एका वॉर्डातले सदस्य एका रविवारी शाळेच्या वर्गात मावतात. तिथे दोनदा मतदान घ्यायला असा किती वेळ लागणार?

नितीन, तुमच्या पोस्टने मला झोप लागू दिली नाही. वडोदऱ्याचं लक्षात आहे. पण त्या प्रयोगातून मला दिसतं ते असं, की निकाल बंधनकारक नव्हता. बंधनकारक नसेल तर तो कौल नाही, चाचपणी आहे. पैशाचं म्हणाल तर आज काय वेगळं आहे? आज बिल्डरला एकाच माणसाला पटवावं लागतं, ज्याची सही फॉर्मवर असते. वॉर्डातल्या पाचशे सदस्यांना पटवणं महाग पडेल, आणि बोभाटाही होईल.

मी लोकसभेपासून सुरू करा म्हणतच नाही. पालिकेची निवडणूक मुदतीप्रमाणे २०२२ ला यायची होती. २२७ वॉर्ड. एखाद्या पक्षाने त्यातल्या वीस वॉर्डांत तरी करून बघावं. इच्छुकांना एका मंचावर बसवा, लोकांना नाल्याबद्दल, फेरीवाल्यांबद्दल, पालिकेच्या शाळेबद्दल विचारू द्या, मग गुप्त मतदान आणि मोजणी कार्यालयाच्या फळ्यावर.

---

मेधा_दादर | ५ मार्च, रात्री ९.५०

बंडखोरीवरून आठवलं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा कायदा आहे, की प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत दुसऱ्या पक्षातून किंवा अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर येता येत नाही. कनेक्टिकटमध्ये तो नव्हता. २००६ मध्ये सिनेटर जो लिबरमन प्रायमरी हरले, अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. तुमच्या वीस वॉर्डांत असं झालं तर? आपल्याकडे कायद्याने कुणाला अडवता येणार नाही.

---

नितीन_चेंबूर | ५ मार्च, रात्री १०.१०

आणि यादी? परळकर, सदस्यांची यादी ज्याच्या कपाटात, निकाल त्याचा. ती कुणाकडे ठेवणार?

---

परळकर | ५ मार्च, रात्री ११.००

मेधाताई, कायद्याने अडवता येणार नाही, मान्य. उभा राहू दे त्याला. ज्या सदस्यांनी त्याच्या तोंडावर मतं मोजली, तेच त्याच्या विरुद्ध घरोघर जातील. आज बंडखोराच्या विरोधात आमच्या पोरांचे पाय उचलत नाहीत, कारण मनातून पोरं त्याच्याच बाजूची असतात.

नितीन, यादी कुणा एकाच्या कपाटात ठेवायचीच नाही. निवडणुकीच्या वर्षभर आधी गोठवा आणि प्रत्येक इच्छुकाला एकेक प्रत द्या. निवडणूक आयोग मान्यताप्राप्त पक्षांना मतदारयादी देतोच की. मग पंधरा दिवस हरकतींसाठी. एका खोलीत चाळीस सदस्य दाखवले असतील तर समोरचा इच्छुक स्वतः जिना चढून जाईल आणि दार वाजवून मोजेल. ते काम आम्हाला चांगलं येतं. तुम्ही हिशेबाचं बघाल का? सदस्य-फेरीचा खर्च कसा लिहायचा, त्याचा एक नमुना तक्ता करून इथे टाका. मी तो आमच्या विभागाच्या बैठकीत ठेवतो.